पलंगावरचे भोपळे

आमच्या चर्चच्या जुन्या मोजणी नकाशात पाळकांच्या घराला लागून घोड्याचा तबेलाही दाखवला आहे. इंग्रजांचा मोजणीदार घोड्याला विसरला नव्हता. गेल्या वर्षीच्या सरकारी वारसा-पाहणीत मात्र त्याच घरापुढे एकच शब्द आला: गोदाम.

ही चूक कशी झाली, ते कॅम्पातल्या आमच्या मंडळीत कुणीही सांगेल. पाहणीवाले आले ते नेमके कापणीच्या सणाच्या रविवारी. त्या दिवशी कंग्राळी गावाकडची आमची शेतकरी कुटुंबं पहिलं पीक देवाला आणतात आणि चर्चसाठी त्याचा लिलाव होईपर्यंत ते पाळकांच्या घरात ठेवायचं, अशी रीत आहे. पाहुण्यांनी दारातून डोकावून भाताची पोती, उसाच्या मोळ्या आणि भोपळे पाहिले. भोपळ्यांखालचा पलंग त्यांना दिसला नाही.

गोदामाला वारशात जागा नसते. चर्च जपावं आणि गोदाम पाडून तिथं वाहनं लावायची सोय करावी, अशी शिफारस झाली. पाळकांनी कुठं राहायचं, हा रकाना छापलेलाच नव्हता.

आम्ही हरकत घेतली. फेरपाहणीचा दिवस आम्हीच कळवायचा होता. पाळकांच्या ओसरीवर कमिटी बसली. अर्ज लिहायचं काम, नेहमीप्रमाणे, निवृत्त मास्तर म्हणून माझ्याकडे. कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, घर रिकामं करू, पडदे लावू, एक फुलदाणी ठेवू. एवढ्यात पाळकीणबाई आतून आल्या.

"फुलदाणी कशाला? कापणीच्या रविवारीच बोलवा त्यास्नी."

"अहो बाई, परत गोदाम लिहितील की!"

"माझ्या तोंडावर लिहू देत. गेल्या खेपेला मी आत भात शिजवत होते. कुणी हाक तरी मारली काय? सर, तुम्ही तारीख घाला."

मी घातली. ज्येष्ठांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच घर पाडायला निघालो होतो.

यंदाच्या कापणीच्या रविवारी पाहणीचे साहेब आले, लेसरचं मोजणीयंत्र घेऊन. उंबऱ्यातच थांबले. "मॅडम, फोटोपुरतं सामान बाहेर काढता येईल?"

"न्हाय."

"मग खोली दिसणार कशी?"

"आत या की. ऊस तेवढा ओलांडा. माणसं राहत्यात हितं."

साहेब आत आले. लेसरचा लाल ठिपका भिंतीवर जायचा सोडून दर वेळी भोपळ्यावर बसू लागला. शेवटी त्यांनी साधी टेप काढली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पाळकीणबाईंच्या. बाईंच्या दुसऱ्या हातात आमटीची पळी होती. ज्येष्ठ माझ्या कानाशी पुटपुटले, "निदान भोपळ्यांवर चादर तरी टाका रं."

बाईंनी ऐकलं. "झाकायचे न्हाईत."

साहेबांनी भोपळ्यांसकट फोटो घेतला आणि आमच्यासमोर 'गोदाम' खोडून 'राहते घर' लिहिलं. मात्र पाडायची शिफारस मागे घेणं वरच्यांच्या हातात आहे, म्हणाले.

"घेतील न्हाय तर न्हाईत," पाळकीणबाई टेप सोडत म्हणाल्या. "पुढल्या कापणीला बी सगळं हितंच येणार. वरच्यास्नी सांगा, बघायचं असंल तर जेवायलाच या."