खांब पुढं येत नाही

आई पडली ती काही मोठं काम करताना नाही. ओट्यावर वाळत घातलेल्या नाचणीत मांजर शिरलं, त्याला हाकलायला उठली आणि पायरी चुकली. खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके निघाले आणि आम्ही तिला परत गावी, रिह्याला आणलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हाड जुळेल, त्याची काळजी करू नका, म्हणाले. पण दोन महिन्यांत ह्या चालायला लागल्या नाहीत, तर पुढं चालणं अवघड आहे. घर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

आणि इकडं आमच्या मातोश्रींनी चालायचंच नाही असं ठरवून टाकलं.

वॉकर आणला होता, त्याच्यावर तिनं लुगडं वाळत घालायला लावलं. पिरंगुटहून आठवड्यातून दोनदा एक मुलगी व्यायाम शिकवायला यायची. बिचारी गोड बोलायची, "आजी, दहाच पावलं." आई तिला खाटेवर शेजारी बसवायची, चहा पाजायची, घरी कोण कोण असतं, लग्नाचं कुठवर आलंय, सगळं विचारून घ्यायची आणि वेळ संपली की वाटेला लावायची. मुलगी गेल्यावर मी चिडायचो. आई म्हणायची, पाय माझा राहिलेला नाही, लोखंडावर कसा भरवसा ठेवू?

ती घाबरली होती, हे मला कळत होतं. पण मीही घाबरलो होतो, आणि मी घाबरलो की माझा आवाज चढतो. हा आमच्या घराण्याचा गुण, आईकडूनच आलेला.

बरं, नुसतं बसून राहून भागणार नव्हतं. मी घोटावड्याला कारखान्यात पाळीवर जातो, बायको अंगणवाडीत. दिवसभर आईजवळ कोणी नाही. बहीण पुण्यात, चौथ्या मजल्यावर. तिचा रोज फोन, की आईला माझ्याकडं आणून सोड, लिफ्ट आहे, मी दिवसभर घरात असते. तिचं काही चूक नव्हतं. पण आई फ्लॅटवर दोन दिवस राहिली तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी असते. दार लावून घेतलेल्या घरात तिचा जीव गुदमरतो. चालली नाही तर तिला तिथंच जावं लागणार होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी ती मुलगी पुन्हा नुसता चहा पिऊन गेली आणि माझा तोल सुटला. नको ते बोललो. "पडून राहा मग. जा चौथ्या मजल्यावर आणि बघत बस खिडकीतून." आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मला इतकी लाज वाटली की तिच्या ताटात मी स्वतः भाकरी कुस्करून ठेवत होतो, आणि ती बायकोकडं बघून जेवत होती.

तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी तुटली. उन्हानं कुजली होती. धुतलेले कपडे सगळे मातीत. बायको वैतागली, आणि खाटेवरून आईचं पहिलं वाक्य आलं, की बाजारची दोरी ती, घरची वळलेली असती तर दहा वर्षं हलली नसती. मी लगेच संधी साधली. म्हटलं, सांग कशी वळायची, आत्ता वळतो.

ट्रंकेत गोधडीसाठी म्हणून ठेवलेली तिची जुनी नऊवारी लुगडी होती. एक काढून मी उभं फाडलं, लांबच लांब पट्ट्या झाल्या. आमचा गोठा आता नावाचाच. गुरं कधीच गेली, तिथं लाकडं आणि पाणी तापवायचा बंब. त्या गोठ्याच्या चौकटीत भोक पाडून मी वाकडी सळई बसवली, तिला पट्टीचं एक टोक बांधलं. आई म्हणत होती, दोन माणसं लागतात. मी कारखान्यातला माणूस, मला काय सांगतेस. दुसरं टोक समोर ओट्याच्या खांबाला बांधलं आणि सळई फिरवायला लागलो. पीळ भरत गेला, पट्टी ताठ झाली, आणि फाट्कन तुटली. दुसरी घेतली. तीही तुटली. तिसऱ्या वेळी खांबापाशीच सुटून टोक माझ्या नाकावर आलं.

आई हसली. पडल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसली.

"खांब फुडं येतो का रं?" ती म्हणाली. "पीळ बसला की दोर आखडतोय. तेवढंच फुडं याया लागतंय. धरणारं मानूस लागतंय त्याला, खांब न्हाई चालत."

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर ताम्हिणीचं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गुरांची दावी, शिंकी, विहिरीचा दोर, सगळं घरी वळायचे. वळायचं काम बाप्यांचं, आणि दुसरं टोक धरायला ही, सहा-सात वर्षांची. वळणारा जागा सोडत नाही. धरणाऱ्यानं दोर ताणून ठेवायचा आणि तो आखडेल तसं हळूहळू पुढं यायचं. लवकर आलं तर दोर लोळतो आणि त्याला गाठी पडतात, नाही आलं तर तुटतो. कधी यायचं ते डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. भाऊ कोणी टिकायचे नाहीत, कुत्रं भुंकलं की टोक टाकून पळायचे. आजोबा म्हणायचे, टोक धरावं तर माझ्या पोरीनं. इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी तिची खुर्ची अंगणात आणली. टोक तिच्या हातात दिलं आणि गोठ्याच्या दारात जाऊन सळई फिरवायला लागलो. पट्टी आखडत आली तशी आई खुर्चीत पुढं वाकली. आणखी वाकली. मग खुर्चीच्या अगदी कडेला आली. आता सोडेल, असं मला वाटलं.

तिनं मला थांबायला सांगितलं, डावा हात खुर्चीवर रोवला, आणि उभी राहिली.

बायको धावत तिच्या मागं गेली, दोन्ही हात पसरून, पण शहाणी, तिला शिवली नाही. आई म्हणाली, हं, वळ. मी हळूच वळायला लागलो. तिचं सगळं लक्ष हातातल्या टोकाकडं. पायाचं तिला भानच नव्हतं. दोरानं ओढलं तसं एक पाऊल पडलं. मग दुसरं. मी सळईची गती बदलू दिली नाही. तिसऱ्या पावलानंतर ती खुर्चीत बसली आणि तिनं एवढंच विचारलं, की पीळ सारखा बसलाय ना.

त्यानंतर रोज पाळीवरून आलो की एक पट्टी. तीन पट्ट्या वेगळ्या पिळायच्या, मग उलट्या बाजूनं एकत्र वळायच्या, की एक दोर होतो. मी लबाडी केली. रोज आदल्या दिवसापेक्षा लांब पट्टी जोडून आणायचो, म्हणजे जास्त आखडेल, जास्त पावलं पडतील. पाचव्या का सहाव्या दिवशी आईनं गाठीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"मला चालवाया लागलायस व्हय मुडद्या? मला काय कळत न्हाई?"

आता टोक टाकून देते, असं वाटलं. तिनं दोर हाताला एक वेढा देऊन घट्ट धरला आणि सळईकडं मानेनं खूण केली. पिरंगुटची मुलगी आली तेव्हा आईनं तिलाच टोक धरायला लावलं, आणि तिच्या हातून दोर लोळला म्हणून चांगलं सुनावलं.

जाड, रंगीबेरंगी दोर तयार झाला. हिरवा, जांभळा, मधे माझ्या लग्नात तिनं नेसलेल्या लुगड्याचा लाल. बायकोला तो कपड्यांसाठी हवा होता. आई नाही म्हणाली. ओट्याच्या खांबापासून गोठ्याच्या चौकटीपर्यंत बांध म्हणाली, कमरेइतका उंच, चांगला ताणून.

का, ते तिनं बांधून झाल्यावर सांगितलं. ताम्हिणीला आषाढात असं धुकं उतरायचं, की दारातून गोठा दिसायचा नाही, आणि अंगणाच्या खालच्या अंगाला सरळ उतार. आजोबांनी घर ते गोठा दोर बांधला होता. हिला सकाळी दुधाचं भांडं घेऊन दोराला धरून जावं लागायचं. मधोमध आलं की पुढं गोठा नाही, मागं घर नाही. तिथं ती रडायला लागायची. मग गोठ्यातून आजोबा दोराला दोन झटके द्यायचे. आईनं हवेत हात हलवून दाखवले. "दोन झटके म्हंजी, मी हाय हितं. मंग मी बी दोन द्यायची, आन चालाया लागायची."

वॉकर घेऊन, मग दोर आणि बायकोचा खांदा धरून, असे दिवस गेले. दोन महिने भरायला आठवडा उरला होता. बहिणीचे फोन चालूच होते, खोली आवरून ठेवलीय म्हणून.

त्या सकाळी मी गोठ्यात बंब पेटवत होतो. लाकडं ओली, धूर नाकातोंडात, आणि मी लाकडांना शिव्या घालत होतो. तेवढ्यात चौकट करकरली. बघितलं तर दोर हलत होता. एक झटका, आणि लगेच दुसरा.

मी दारात आलो. धुकं नव्हतं, लख्ख ऊन पडलं होतं. वॉकर पार मागं ओट्याशी राहिला होता आणि अंगणाच्या मधोमध आई एकटीच दोर धरून उभी होती. बायको आत भाकऱ्या थापत होती, तिला पत्ताही नव्हता. धावत जाऊन आईला धरावं, असं फार वाटलं.

मी जागा सोडली नाही. दोराला हात घातला आणि दोन झटके दिले.