धुण्याच्या दगडावरचा घोडेस्वार

जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय निघालं, तेव्हा तिथल्या बाई आमच्या गावात घरोघर फिरल्या. जुनं काही असेल तर द्या म्हणाल्या. तापीकाठच्या सगळ्या समाजांचं एका छपराखाली ठेवायचंय. शेजाऱ्यानं मोट दिली, मशिदीजवळच्या पिंजाऱ्यानं कापूस पिंजायची धनुकली दिली. मी मागं राहणारा माणूस नाही. आमच्या विहिरीवर एक दगड होता, चाळीस वर्षं बायकांनी त्यावर धुणं धुतलं. उलटा केला की खाली घोडेस्वार, हातात तलवार, वर चंद्र-सूर्य. मी बाईंना म्हणालो, "हा आमचा मूळपुरुष. गुजरातेतून घोड्यावर आला." त्यांनी तशीच पाटी लावली.

मी तिसरी शिकलेला. पाटी एक-एक अक्षर करून वाचली, छाती भरून आली, आणि घरी पोचेपर्यंत ती छाती दुखायला लागली. कारण दगड कुठून आला ते मला पक्कं माहीत होतं. केळी लावायला शेत सपाट करत होतो तेव्हा बांधावरून मीच बैलजोडी लावून तो ओढला होता. त्याला शेंदूर होता. शेंदूर मी घासून काढला आणि दगड पालथा घातला.

नंतर मला घरात बसवेना. आठवड्यातून दोनदा, तीनदा बस पकडून मी तिकडं जायचो, पाटी वाचायचो, परत यायचो. कुणी तिच्यासमोर जास्त वेळ थांबलं की मी मधे जाऊन उभा राहायचो. बायको म्हणाली, "मूजियममा काय गाडेल शे तुम्हनं? घडी घडी पयतस तठे!"

महिन्यातून एकदा तिथं गावोगावचे लोक बोलवायचे. ज्यानं त्यानं आपल्या वस्तूची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायची, असा बाईंचा नियम. असंच एकदा आमच्या शेतापलीकडच्या वस्तीवरचा एक भिल्ल म्हातारा आला. माझ्याच वयाचा. तो दगडापाशी बसला, घोड्यावरून हात फिरवला आणि बाईंकडून पाटी वाचून घेतली. मग माझ्याकडं वळून हसला.

"दादा, तुमना मूळपुरुष मन्हा आजासारखा दिखस."

लोक हसले. नियम मोडून मी ओरडलो, "तुझा आजा? पुरावा दे!"

"घोडाना मागला पाय तुटेल शे ना? तुम्ही बैल लाईसन वढा तवय तुटना. तो तुकडा मन्हा देव्हारामा शे." मग म्हणाला, "दर दिवाळीले आम्ही बांधवर धार टाकाले येतस, अन् तुम्ही काठी लिसन धावतस."

हे मला ठाऊक नव्हतं. दिवाळीला माझ्या बांधावर मोहाची दारू घेऊन चार-पाच जण येतात, ते मला दारुडे वाटायचे. वर्षानुवर्षं मी त्यांना हाकललं. दगड गेला तरी ते त्या रिकाम्या जागेवर आजाच्या नावानं दारूची धार टाकत होते.

आमच्यातला एक जण माझ्या कानाला लागला, "काका, हटू नका. आज दगड म्हणतील, उद्या बांध म्हणतील." ही भीती माझ्याही मनात होती, खोटं कशाला बोलू? मी बाहेर गेलो. नळावर पाणी प्यायलो, तोंड धुतलं, पुन्हा पाणी प्यायलो. समोर बस उभी होती. चढलो असतो तर कुणी अडवलं नसतं. पण जन्मभर मी मिशीला पीळ देऊन सांगत आलो की कुणाच्या शेतातलं वांगंसुद्धा मी उचललं नाही. आणि एका माणसाचा आजा उचलून चाळीस वर्षं त्याच्यावर साबण चोळत होतो.

आत आलो. "बाई, ती पाटी काढा. ह्यांचा आजा म्हणून लिहा."

बाईंनी वही उघडली. "आणि बांधावरून कुणी काढला, ते लिहू का? नको असेल तर राहू द्या."

"राहू का द्यायचं? लिहा, मी काढला. माझ्या घराण्याचं नावही राहू द्या, पण त्या वाक्यात."

कुणी टाळी वाजवली नाही. कानाला लागणारा निघून गेला. म्हाताऱ्यानं पिशवीतून बाटली काढली, पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि बाईंकडं पाहिलं. बाईंनी फरशीकडं पाहिलं, मग मान डोलावली. त्यानं दगडाच्या पायाशी धार टाकली. नंतर द्रोण माझ्यापुढं धरला.

"मी घेत नाही," मी म्हणालो. आमच्या घरात बाटली कधी शिरलेली नाही.

"पेवाले कोन सांगस? टाका."

मी द्रोण वाकडा केला. सगळी एकदम सांडली.

"हळू, दादा," म्हातारा म्हणाला, "त्याले इतली झेपे नही."