हाक न मारता सुटलेलं विमान

अक्का बावीस वर्षं त्या छोट्या विमानतळावर होती. दिवसाला दोन विमानं, एक खोली, पंख्याखाली चार बाकं. सामानाचं वजन करायची तीच, बोर्डिंग पास द्यायची तीच आणि माणसं गोळा करायचीही तीच. भोंगा कायमचा बिघडलेला. मग ती यादी घेऊन बाहेर पडायची. टपरीवरून, पार्किंगमधून, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीचा माणूस तिने उठवून आणला होता. अक्का हाक मारेल या भरवशावर सगळे निवांत बसायचे. तिच्या हातून एकही प्रवासी कधी मागे राहिला नाही आणि याचा तिला गर्व होता, उगाच कशाला लपवा.

मग विस्तार आला. भागातला उद्योग वाढायचा तर विमानतळ मोठा हवा, असं ठरलं. धावपट्टी लांबली, काचेची दुमजली इमारत उभी राहिली, दोनाची नऊ विमानं झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की इथे घोषणा होणार नाहीत, पडद्यावर दिसेल ते वाचायचं आणि विमानात सोडायच्या दाराशी असलेल्याने दार सोडायचं नाही. अक्का म्हणाली, आमची माणसं पडदा बघत नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढचा मुद्दा काढला. ती चडफडली, पण मान डोलावली. इतक्या वर्षांनी तिची कायम नेमणूक त्याच महिन्यात व्हायची होती.

त्या मंगळवारी तिचा दादा निघाला होता. दादाचा लेथचा लहानसा कारखाना, सहा कामगार, त्यांतले तीन निम्मा आठवडा रिकामे. एका पंपाच्या कंपनीने त्याला नमुने घेऊन दुपारी बोलावलं होतं. ज्या उद्योगासाठी एवढी काच लावली, तो उद्योग म्हणजे दादाच की!

दार बंद व्हायला दहा मिनिटं उरली तरी वरच्या मजल्यावर, अक्काच्या दाराशी, दादाचा पत्ता नाही. अक्काने फोन लावला, तो वहिनीने उचलला. "अहो वन्सं, ते केव्हाच निघाले, फोन घरीच विसरलेत." म्हणजे स्वारी खालच्या दालनात बसलेली असणार. जाऊन यायला दोन मिनिटं. पण साहेब शेजारीच उभे. तिने विनवलं, तर म्हणाले, एकासाठी नियम मोडला की संपलं. अक्काचे पाय जागचे हलले नाहीत. दार बंद झालं.

ती खाली धावली तेव्हा दादा मांडीवर नमुन्यांची पेटी घेऊन खांबाआड बसला होता. तिला पाहून उठला.

"निघायचं का?"

"गेलं विमान, दादा."

"अगं, पण तू हाक कुठे मारलीस?"

सुरात तक्रार नव्हती, तेच तिला जास्त लागलं. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून स्वतःचा आला. दादाने तिच्याच फोनवरून कंपनीला कळवलं. त्यांनी दुसऱ्या कारखानदाराला बोलावतो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी साहेबांनी मागे राहिलेल्या प्रवाशाचा अहवाल तिच्यापुढे सरकवला. कारण छापलेलंच होतं: प्रवाशाचा निष्काळजीपणा. फक्त सही हवी होती. अक्काने ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'प्रवासी वेळेआधी हजर होता. मी त्याला बोलवायला गेले नाही.'

साहेब वाचून म्हणाले, "याने तुमचीच नेमणूक अडकेल."

"अडकू दे," ती म्हणाली आणि सही केली. सही जरा वाकडीच आली.