आबाच्या बाटलीतलं पाणी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळायला फारशी वर्षं उरलेली नाहीत.

निवृत्तीनंतर मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र सायकली काढायचो. बारामतीहून इंदापूर, तिथून पुढं, असे सलग चार-पाच दिवस. शेवट मोरगावच्या गणपतीपुढं. मी त्याला आबा म्हणायचो, तो मला तात्या.

रोज सायकल मारली की शरीराचा हिशेब कळतो. स्नायूंत साठलेली साखर पहिल्या एक-दोन दिवसांतच उपसली जाते आणि रात्रीच्या भाकरीनं पुरती भरत नाही. सायकल मारता मारता खात राहावं लागतं. अंगावरची चरबी जळते, पण सावकाश. चढाला ती पुरी पडत नाही.

एकदा शेवटच्या दिवशी संकष्टी आली. आबाचा उपवास कडक. चंद्र दिसेपर्यंत फक्त लिंबू-मिठाचं पाणी. कळस गावाजवळ त्याची सायकल वाकडीतिकडी जायला लागली.

"आबा, केळं खा. उपासाला चालतंय."

"तुला चालतंय. तू तर संकष्टीला अंडी हाणणारा!"

बाटली भरून आणतो म्हणून मी बाजूला गेलो आणि माझ्याकडची पावडर त्याच्या पाण्यात मिसळली. मक्यापासून काढलेली साखरच ती, पण जवळजवळ बिनचवीची. शर्यतीतली पोरं वापरतात. थोड्या वेळानं गडी माझ्या पुढं.

मोरगावला तो भेटेल त्याला सांगत होता, "पोटात कण न्हवता. देवानं वढून आणलं." लोक माझ्याकडं बघायचे. मी मान डोलवायचो.

तिथं अडकलो. मग त्याला दर संकष्टीला उपाशी पोटीच मोरगाव गाठायचं असे, आणि पावडर घेऊन मला जावंच लागे. घरची लग्नं चुकवली, ताप अंगावर काढला. सांगावं, तर त्याचे सगळे उपवास मी मोडले हे सांगायचं. न सांगावं, तर त्याला एकटं सोडता येईना.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"ह्या बारीला एकटा जाऊ नगंस," मी म्हणालो.

"एकटा कुठं? त्यो हाय की!"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझ्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि मी कपात बघत बसलो.

इंदापूरकडून मोरगावला एकटाच येताना काटेवाडीच्या पुढं चक्कर येऊन तो पडला. खुबा मोडला. अंथरुणावरून दर खेपेला एकच विचारायचा, "तात्या, माझं काय चुकलं आसंल? देवानं का सोडलं मला?" हळूहळू त्यानं उपवास सोडला, मग पूजाही. देवघराकडं पाठ करून निजायचा. तसाच गेला.

मी दर वेळी वाक्य जुळवून जायचो आणि शहाळं ठेवून परत यायचो. वाक्य एवढंच होतं: आबा, तुझं काय बी चुकलं न्हाय. तुझा उपास मीच मोडत हुतो आणि तुझ्यापासनं लपवत हुतो, म्हणून तू पडलास. मला माफ कर.