दहावा घाणा

माझ्या मामाने आयुष्यात कधी चूक केली नाही. हे मी म्हणत नाही, तो म्हणायचा. बस चुकली तर ती लवकर सुटलेली असायची, चष्मा सापडला नाही तर तो मामीने हलवलेला असायचा. आणि हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगायचा, की ती बस आपणच लवकर सोडली की काय, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. मी त्याच्याच घरी राहून शिकले, त्यामुळे हा बिनचूकपणा मी रोज तिन्ही त्रिकाळ भोगलेला आहे.

कामात मात्र त्याला तसं बोलण्याचा हक्क होता. कागदाच्या गिरणीत त्याने चाळीस वर्षं लगदा शिजवला. गव्हाचं काड कॉस्टिक सोड्यात उकडायचं, काडातल्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळवून टाकायचं आणि उरलेला धागा पाण्याने खळखळून धुवायचा. चिमूटभर लगदा बोटांत चोळून तो किती शिजलाय ते मामा सांगायचा, आणि प्रयोगशाळेचा आकडा मागाहून तेच सांगायचा. गिरणीत त्याला लगदेमास्तर म्हणत.

मग सोड्याचं काळं पाणी ओढ्यात जातं म्हणून तो विभाग बंद झाला, आणि मालकांनी एक इंजिनीयरबाई आणल्या. बाईंची रीत वेगळी होती. सोडा नाहीच. साठ भाग स्पिरिट आणि चाळीस भाग पाणी घ्यायचं, त्यात काड घालून बंद पोलादी टाकीत दाबाखाली शिजवायचं. लिग्निन स्पिरिटमध्ये विरघळतं, स्पिरिट उकळवून परत मिळतं आणि ओढ्यात काहीच जात नाही. मालकांनी त्यांना दहा घाणे दिले. धाग्यात किती लिग्निन उरलं ते सांगणारा एक आकडा असतो, काप्पा म्हणतात त्याला. दहा घाण्यांत काप्पा तिसाच्या खाली आला तर नवा विभाग उभा राहणार, नाहीतर गिरणीला कायमचं कुलूप. शिजवायला आणि धुवायला बाईंनी मामाला घेतलं. आकडा काढायला गिरणीच्या प्रयोगशाळेत मी होते.

पहिला घाणा बावन्न. दुसरा पंचावन्न. बाईंनी तापमान बदललं, वेळ बदलली, स्पिरिटचं प्रमाण बदललं. आकडा काही पन्नाशीची संगत सोडेना. दर वेळी मी कागद घेऊन गेले की बाई आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, मग कागदाकडे बघायची त्यांना गरज उरायची नाही.

"धुतलं नीट ना, मास्तर?" त्यांनी एकदा विचारलं.

"बाई, तुम्ही शाळेत जात नव्हता तेव्हापासून धुतोय," मामा म्हणाला. विषय संपला.

नववा घाणा उतरवताना झडपेतून काळा अर्क उडाला आणि मामाचे दोन्ही हात बरबटले. डावा हात त्याने सवयीने नळाखाली धरला. उजव्या हाताने तो पुढच्या घाण्यासाठी डब्यात ताजं स्पिरिट काढून घेत होता, त्यातलं थोडं त्या हातावर सांडलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा उजवा हात स्वच्छ आणि डावा तपकिरी. साबण, दगड, राख, सगळं घासून झालं, पण डावा हात जैसे थे.

"एकाच हाताने काम करता की काय हल्ली?" मामी म्हणाली.

मामा हसला नाही. जेवतानाही तो एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत होता.

सकाळी त्याने मला धुण्याच्या खोलीत बोलावलं. टाकीच्या तळाशी राहिलेला न धुतलेला लगदा त्याने दोन काचेच्या पेल्यांत घातला. एकात नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात गरम पाण्यात डबा ठेवून कोमट केलेलं स्पिरिट. पाण्याचा पेला लगेच गढूळ झाला आणि लगद्यावर तपकिरी साय धरली. स्पिरिटचा पेला गडद झाला, पण लगदा हळूहळू फिका पडत गेला. भिंतीवर बाईंच्या अक्षरातला कागद होता: शिजल्यावर गरम स्पिरिटने दोनदा धुणे, नंतरच पाणी.

"तू स्पिरिटने धुवायचास ना?" मी विचारलं.

"पाणी असताना स्पिरिट कशाला नासायचं? मी पाण्यानेच धुतलं."

"सगळे?"

"नऊच्या नऊ."

म्हणजे टाकीत विरघळलेलं लिग्निन मामा पाणी ओतून पुन्हा त्याच धाग्यांवर बसवत होता. तेही काटकसरीच्या कौतुकात! माझा संताप झाला. मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि त्याने ते मुकाट ऐकून घेतलं, तेव्हा मात्र मी घाबरले.

दुपारी घरी मामीने सरळ तोडगा काढला. "दहावा घाणा मुकाट्याने स्पिरिटने धुवा. आकडा येईल, गिरणी वाचेल, तुमचीही झाकली मूठ राहील." मला ते पटलं. मामालाही पटल्यासारखं दिसलं. पण परत गेलो तर बाईंनी फळ्यावर दहाव्या घाण्याची नवी कृती लिहिली होती. आपली रीतच चुकली असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तापमान वीस अंश जास्त, शिवाय आम्ल. मामा फळ्यासमोर उभा राहिला. इतक्या आचेत आणि आम्लात धाग्याचं पीठ होणार, हे त्याला दिसत होतं. मग कशानेही धुतलं तरी काय उपयोग?

तो बाईंच्या खोलीत गेला. मी दारात थांबले.

"बाई, फळा पुसा. तुमची चौथ्या घाण्याची कृती बरोबर होती, टाकीतून काढताना धागा तेव्हाच सगळ्यात छान सुटला होता. मी सगळे घाणे पाण्याने धुतले."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते, मास्तर."

"मूर्ख मी होतो."

आमच्या घरात हे वाक्य या तोंडून कधी निघालं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही गेला नव्हता. बाई उठून बाहेर आल्या आणि त्यांनी फळा पुसला. "उद्या धुताना मी समोर उभी राहणार," त्या म्हणाल्या.

"राहायलाच हवं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालकही आले. चौथ्या घाण्याच्या कृतीने शिजवून झालं, टाकी निवली, झाकण निघालं. पहिल्या धुण्याचं स्पिरिट काळ्या कॉफीसारखं उतरलं, दुसरं फिक्या चहासारखं. बाईंनी तिसऱ्यांदा धुवायला सांगितलं, ते जवळजवळ स्वच्छ आलं. मगच मामाने पाणी सोडलं, आणि पाणी जसं गेलं तसं बाहेर आलं. त्याने चिमूटभर लगदा बोटांत चोळला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"आकडा भाचीला काढू दे," तो म्हणाला.

खात्रीसाठी मी दोनदा काढला. दोन्ही वेळा तोच आला. "सव्वीस," मी म्हणाले. पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना. मग बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या, मालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दाराबाहेर उभी असलेली निम्मी गिरणी आत घुसली.

"मग आधी नऊ वेळा काय झालं होतं?" मालकांनी विचारलं.

"नवी रीत बसायला वेळ लागतो, साहेब," बाई पटकन म्हणाल्या.

"रीत पहिल्या दिवसापासून बसली होती," मामा म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "धुणारा चुकत होता. धुणारा मी."

मालकांचं हसू मावळलं. "मग यापुढे धुण्यावर कुणाला ठेवायचं?"

"मलाच. ही चूक माझ्याएवढी कोण ओळखतो?"

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

आज तिथे तीन टाक्या आहेत आणि मामाच्या हाताखाली अकरा माणसं. नव्याने लागलेला कुणीही पहिल्या महिन्यात काहीतरी नासवतोच, आणि लपवून न ठेवता तडक मामाकडे येऊन सांगतो. मामा कपाळाला आठी घालून विचारतो, "किती घाणे गेले?"

"एक."

"एवढंच? मग माझी बरोबरी करायला अजून आठ आहेत," मामा म्हणतो, आणि बाह्या सरसावून त्याच्याबरोबर धुवायला लागतो.