आढ्यावरचा घोडा

अल्मा स्टिकनीने एकतीस वर्षं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या खेड्यांत टपाल वाटलं. गाडी चालवताना लोकांच्या दारांपेक्षा छपरांकडेच तिचं लक्ष जास्त. गोठ्यांच्या आढ्यांवर वाऱ्याबरोबर फिरणारे तांब्याचे कोंबडे, लाकडी मासे, पत्र्याच्या गायी. वारा कुठून येतोय ते सांगणाऱ्या या जुन्या वातदर्शकांनी तिला वेड लावलं होतं. कुणी गोठा पाडायला काढला की अल्मा घरचे डोनट घेऊन हजर. "ते वरचं टाकून देणार असाल तर मला द्या हो." ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या बैठकीत अकरा वातदर्शकं होती आणि पाहुण्यांना बसायला दोन खुर्च्या.

बारावं तिच्या स्वतःच्या गोठ्यावर होतं. आजोबांनी बसवलेला तांब्याचा धावता घोडा. तो खाली उतरवायचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात शेजारच्या गावात चर्चवरचा देवदूत चोरीला गेला. आठवड्याने एका गोठ्यावरची गाय गेली. शहरातली माणसं आता असल्या वस्तूंसाठी मोटारीएवढी किंमत मोजत होती. रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की अल्मा खिडकीशी. दिवसातून वीसदा अंगणात जाऊन मान वर करायची. आहे. जागेवर आहे.

"अल्मे, एक दिवस तुझी मान तशीच अडकून बसेल," तिचा भाऊ रोलंड म्हणाला. जन्मभर त्याने छपरांची कामं केली होती. "मी काढून देतो तो घोडा."

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"घोडा एकशेदहाचा आहे. त्याच्यापुढे मी पोरच."

शनिवारी सकाळी त्याने शिडी लावली. अल्मा खाली शिडी घट्ट धरून उभी. वारा वाढत होता, आणि रोलंडचा बूट प्रत्येक पायरीवर किंचित सरकतोय असं तिला वाटत होतं. कशाला हो म्हटलं आपण? तो आढ्यावर पोचला, दोन्हीकडे पाय टाकून बसला आणि घोड्याच्या पोटाशी वाकून राहिला.

"रोलंड! चक्कर येतेय का?"

तो तसाच वाकलेला.

"अरे, राहू दे तो! खाली ये!"

"अल्मे," वरून आवाज आला, "लायमनकाकाची गोळी कुठे लागली होती गं?"

लायमनकाकाने एका चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, सफरचंदाची दारू पिऊन घोड्यावर नेम धरला होता. घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट.

"पोटात! आरपार!"

"इथे भोक नाहीये."

"नीट बघ!"

"हात फिरवून बघतोय. गुळगुळीत आहे. आणि बोल्ट नवेकोरे."

स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने घोड्याचा हिरवा रंग नखाने खरवडला. आतून नवंकोरं, लालसर तांबं चकाकलं. कुणीतरी खरा घोडा नेऊन हुबेहूब नक्कल बसवली होती. गेल्या उन्हाळ्यात धुराडं दुरुस्त करायला आलेले ते दोघे? तिने त्यांना घेवडा नि पाव वाढला होता, वर घरचा ॲपल-पाय कापून दिला होता. लोकांच्या छपरांवर नजर ठेवणाऱ्या बाईला वर्षभर रोज बघूनही स्वतःचा घोडा ओळखू आला नव्हता.

शेरीफने सगळं लिहून घेतलं. "फोटो आहे का?"

अकरांचे होते. घोड्याचा एकही नव्हता.

त्या दिवसापासून अल्माला बैठकीत बसवेना. अकरातली सात तिने लोकांच्या हातून घेतली होती. चार मात्र एका विक्रेत्याकडून आणली होती. ती कुणाच्या छपरावरची? तेव्हा विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलंच नव्हतं.

"सोड गं," रोलंड म्हणाला. "तू थोडीच चोरलीस?"

"मग माझा घोडा आज ज्याच्या घरी आहे, त्यानेही थोडाच चोरलाय?"

ती फोन करत सुटली. तीन आठवड्यांनी कळलं की डोंगरापलीकडे हार्लो बिक्सबी नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा तांब्याचा मेंढा पाच वर्षांपूर्वी गेला होता. चारांत एक मेंढा होता. तिने तो गोधडीत गुंडाळला आणि निघाली.

बिक्सबीने मेंढा उलटासुलटा करून बघितला. बराच वेळ लावला.

"माझा नाही हा. माझ्याचं एक शिंग मोडकं होतं."

अल्माला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. हा कुणाचा, ते अजून कुठे कळलं होतं?

"ठेवून जातेस का?" म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघत विचारलं. "नुसती दांडी उभी आहे वर. सकाळी उठलं की डोळे तिकडेच जातात."

पर्समधून कागद काढून तिने स्वतःचं नाव नि फोन नंबर लिहिला आणि तो सुतळीने मेंढ्याच्या पायाला बांधला.

"खरा मालक आला तर त्याला हा देऊन टाकायचा. आणि मला कळवायचं."

"आणि नाही आला तर?"

"मी शोधतेच आहे," अल्मा म्हणाली, आणि उरलेल्या तिन्हींची चौकशी करायला पुढच्या गावाकडे निघाली.

तिचा घोडा काही सापडला नाही.