वहिनींचं कपाट

“याचा पत्ता काय?”

कुंपणापलीकडून हा प्रश्न आला की मी हातातलं काम टाकून मागच्या अंगणात जायची. पलीकडे आमचे शेजारी उभे असायचे. चिमट्यात काहीतरी धरलेलं, हात अंगापासून लांब आणि चेहरा असा, की जणू सापाचं पिल्लू पकडलंय. चिमट्यात असायची एखादी टिकली, नाहीतर ब्लाउजचा हूक, नाहीतर लेसचा बोटभर तुकडा.

“दादा, ही कुयरी आहे. साडीवर नाहीतर पाकिटावर लावतात.”

“ते असू दे गं. पण राहते कुठे? टिकल्यांकडे की लेसकडे?”

पसारा वस्तूंमुळे होत नाही, पत्ता नसलेल्या वस्तूंमुळे होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो ते इतक्या गांभीर्याने सांगायचे की ऐकणाऱ्याला आपलाही पत्ता एकदा तपासून घ्यावासा वाटे.

असा नीटनेटका माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण आमच्या दादांची गोष्ट वेगळी होती, कारण त्यांचं पोटच नीटनेटकेपणावर होतं. आम्ही हॉलंडमध्ये फेल्डहोवनला राहतो. इथे गल्लीतल्या दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कॉम्प्युटर-चिपची मशिनं बनवणारं कुणीतरी असतं. माझा नवरा त्यातलाच, पण तो खुर्चीत बसून सॉफ्टवेअर लिहितो. दादा खऱ्या मशिनला हात लावणारे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून क्लीनरूममध्ये जायचं, आणि तिथे धुळीचा कण जरी दिसला तरी घरात चोर शिरल्यासारखं वागायचं, हे त्यांचं काम.

आणि अशा माणसाची बायको कोण? तर आमच्या वहिनी! शनिवारी मराठी मंडळातल्या मुलांना कंदील, राख्या, भेटकार्डं शिकवणाऱ्या. लोकर, मणी, क्विलिंगच्या पट्ट्या, जुन्या साड्यांचे काठ, गोंदाच्या बाटल्या, सगळं घरभर नांदायचं. पलंगाखाली बुटांची खोकी, सोफ्यामागे पिशव्या, आणि बिस्किटांच्या एकाही डब्यात बिस्कीट नाही. एकदा दादांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ग्लिटर सापडलं, तेव्हा ते दोन दिवस आमच्याशीसुद्धा हळू आवाजात बोलत होते.

शेवटी वहिनींनीच तोड काढली. इथे एक जादूचं कपाट मिळतं. मिटलं की साधं पांढरं कपाट, उघडलं की दोन्ही दारं पंखांसारखी पसरतात आणि आत सगळीकडे टोपल्या, खण, पारदर्शक डब्या. मधून एक टेबल खाली उतरतं. आख्खं दुकान एका कपाटात! वहिनींनी ते मागवलं आणि ते येईपर्यंत मला रोज त्याचा फोटो दाखवला.

कपाट यायच्या आधी पुण्याहून फोन आला. वहिनींची आई न्हाणीघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. वहिनी थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या. मग कोरोना आला आणि विमानं बंद झाली.

कपाट मात्र वेळेवर आलं. मास्क लावलेल्या माणसाने जड खोकी दारात ठेवली, बेल वाजवली आणि लगेच चार पावलं मागे सरकला. दादा दारात उभे राहून त्या खोक्यांकडे बराच वेळ बघत होते. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता हे तसंच पडून राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्क्रू फिरवायच्या मशिनचा आवाज सुरू झाला.

“ती येईल तेव्हा तिनं दार उघडायचं आणि सगळं आत असायचं,” ते कुंपणावरून म्हणाले. “तोपर्यंत दाखवायचं नाही. तूही फोटो पाठवायचा नाहीस.”

फोनवर वहिनी रोज विनवायच्या, “अहो, जरा कॅमेरा फिरवा ना तिकडे.”

“नाही. येऊन बघ.”

यातलं “येऊन” ते जरा जोर देऊन म्हणायचे. कपाट हे निमित्त होतं, हे आम्हाला कळत होतं. वहिनींनी परत यावं एवढंच त्यांना हवं होतं.

जोडणी टेबलापर्यंत आली आणि काम थांबलं. इथली घरं सहा फुटी माणसांसाठी बांधलेली. वहिनी जेमतेम पाच फूट. बाथरूमच्या आरशात त्यांना स्वतःचं कपाळ तेवढं दिसायचं, आणि ओट्यापाशी त्या बिअरच्या उलट्या क्रेटवर उभं राहून पोळ्या लाटायच्या. बिअर दादांची, क्रेट वहिनींचं, असा त्या घरातला करार होता. टेबलासाठी कंपनीने पाडलेली भोकं अर्थातच डच माणसाच्या मापाची होती.

“या भोकांना लावलं तर तिचे पाय लोंबकळणार,” दादा म्हणाले. “मंडळाच्या हॉलमध्ये लोंबकळायचे. घरी येऊन पाय चेपत बसायची.”

“मग विचारा की त्यांनाच माप.”

“विचारलं तर कळेल ना तिला!”

मग काय करावं या माणसाने? गेल्या गणपतीचा फोटो काढला. त्यात मी आणि वहिनी शेजारीशेजारी उभ्या आहोत. “तिचं डोकं तुझ्या कानाशी येतं. म्हणजे तुझं माप घ्यायचं आणि वजा करायचं. बस त्या स्टुलावर.” मला तेव्हा सातवा महिना. मी अंगणात स्टुलावर बसून, हातात टेप धरून, गुडघ्यापासून जमीन, कोपरापासून जमीन अशी मापं ओरडून सांगतेय, आणि पलीकडे हा गृहस्थ ती लिहून घेतोय. समोरची डच आजी खिडकीत आली. तिने हात हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार?

दादांनी नवी भोकं पाडली, टेबल खाली घेतलं, जुनी भोकं लांबी भरून बुजवली, रंगवली आणि एका खुर्चीचे पाय कापले.

त्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. आईचं तिकीट रद्द झालं होतं. इथल्या पद्धतीप्रमाणे एक बाई आठवडाभर घरी येऊन बाळाला अंघोळ घालायला शिकवून गेली. ती गेली त्या दुपारी मी मोरीत बसून रडले. संध्याकाळी कुंपणावर एक डबा होता. डिंकाचे लाडू. वहिनी फोनवरून सांगत होत्या आणि दादांनी वळले होते. सगळे एका मापाचे, एकही वाकडा नाही. जरा कडक होते, पण मी खाल्लेल्या लाडवांत त्यांच्याइतके चांगले दुसरे नाहीत.

मग आली संक्रांत. बाळाचं बोरन्हाण. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने हवेतच. झबलं मी शिवलं, पण हलवा कुठून आणायचा? आईने केलेलं पार्सल कुठल्या तरी विमानतळावर अडकून बसलेलं. मी वहिनींशी बोलताना म्हणाले, “जाऊ दे, नुसतं झबलं घालते.”

“अगं, नुसतं कसं? माझ्याकडे आहे की हलवा! गेल्या वर्षी पुण्याहून बरणी आणली होती, दागिन्यांसाठीच. विचार त्यांना.”

दादांना विचारलं. दादा दुखावले. “हलवा-बिलवा काही नाही आमच्याकडे. एकेक डबी मी माझ्या हाताने लावलीय.”

“पांढरा, बारीक, काटेरी असतो बघा,” मी म्हणाले.

मग ते आत गेले आणि एक खण घेऊन आले. खणावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: सदोष मणी.

“मला वाटलं, हिनं कुठल्यातरी स्वस्त साइटवरून घेतलेत,” ते म्हणाले. “एकालाही भोक नाही, वर काटे राहिलेत. मी तक्रार करणार होतो, पण ऑर्डरच सापडेना.”

त्यांनी एक दाणा जिभेवर ठेवला. “गोड आहे,” ते कबूल झाले.

एवढंच नाही, तर क्लीनरूमच्या शिस्तीने त्यांनी तो सदोष माल चाळून आकाराप्रमाणे वेगळासुद्धा केला होता. खसखशीएवढे एका डबीत, साबुदाण्याएवढे दुसऱ्या डबीत. वहिनींना फोनवर सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मागून त्यांच्या आईने अंथरुणातूनच विचारलं, “काय झालं गं?” किती महिन्यांनी मी त्या घरातून हसू ऐकत होते.

“अहो, आता निवडलेच आहेत तर ओवाही तुम्हीच,” वहिनी म्हणाल्या.

हलव्याच्या दाण्याला भोक नसतं, दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा पकडावा लागतो. वहिनींच्या त्या बुटक्या टेबलाशी, गुडघे पोटाशी घेऊन, हातात निळे मोजे घालून, चिमट्याने दादा दाणे पकडत होते. कपाट दिसू नये म्हणून फोन असा ठेवलेला, की वहिनींना फक्त त्यांचे हात दिसावेत. “घट्ट नको. फुटेल.” “सैल नको. निसटेल.” संध्याकाळचं रोज हेच चालायचं. मुकुट झाला, हार झाला, बाजूबंद झाले, कंबरपट्टा झाला.

त्या दिवसांत घरी पाहुणे बोलवायची जवळजवळ बंदीच होती. बोरन्हाणाला पाहुणे म्हणजे एकटे दादा. बोरांऐवजी ब्लूबेरी. वरून ओतायला, बाळ झाल्यावर इथे टोस्टवर घालून वाटतात त्या साखरेत घोळलेल्या गुलाबी-पांढऱ्या बडीशेपा, डबाभर उरलेल्या. पडद्यावर एकीकडे माझी आई, दुसरीकडे वहिनी. आई रडत होती. मुलगी हलव्याने मढून मध्ये बसली होती आणि बाजूबंद तोंडात घालायच्या प्रयत्नात होती.

मी त्या दिवशी दादांना वाकून नमस्कार केला. ते गडबडले, मास्क सारखा करत म्हणाले, “अगं, अंतर ठेव, अंतर.” त्या दोघांनी माझ्या मुलीची पहिली संक्रांत केली. माझ्या माहेरच्यांनी याहून जास्त काही केलं नसतं. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

विमानं पुन्हा सुरू झाली. पण वहिनींची आई काही परत उभी राहिली नाही. तिला सोडून इथे राहणं शक्य नव्हतं. दादांनी नोकरी सोडून पुण्याला परतायचं ठरवलं. वहिनी आल्या, त्या घर आवरायला.

आल्या त्याच दिवशी दादांनी मला बोलावलं. “साक्षीदार हवा,” म्हणाले. कपाट मिटलेलं होतं. वहिनींनी दोन्ही दारं धरली आणि उघडली. दादा मागे उभे, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे.

“टिकल्या आणि लेस शेजारी कुणी ठेवतं का?” वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि ग्लिटर कुठाय?”

ग्लिटर सगळ्यात वर होतं. बरणीत बरणी, त्या बरणीला चिकटपट्टी.

वहिनी हसत हसत टेबल उतरवून खुर्चीवर बसल्या, आणि हसू थांबलं. त्यांनी खाली बघितलं. दोन्ही तळपाय जमिनीला टेकले होते. कोपरं टेबलावर ठेवून पाहिली, ती आपोआप बसली. मग त्यांनी टेबलाच्या वर, बाजूला, बोट फिरवलं. लांबी भरलेली जुनी भोकं हाताला लागली.

“अहो,” एवढंच त्या म्हणाल्या.

“गणपतीच्या फोटोवरून काढलं,” दादा म्हणाले. “थोडं इकडेतिकडे असेल.”

“नाहीये इकडेतिकडे,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

घर आवरायला आलेल्या वहिनींनी नंतर काहीच आवरलं नाही. सामान दादांनी बांधलं. वहिनी असतील तितके दिवस त्या टेबलाशी बसून राहिल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक कंदील केला, डच आजीसाठीसुद्धा. दादांच्या पत्त्यांपैकी एकही त्यांनी बदलला नाही.

कपाट पुण्याला नेण्यासारखं नव्हतं. ते आमच्याकडे आलं. मुलगी आता त्याच्यापाशी कागद कापत बसते. मी बसले की माझे गुडघे टेबलाला आपटतात. नवरा दर महिन्याला विचारतो, “वर घेऊ का? चार भोकं तर पाडायचीत.”

मी नको म्हणते. वहिनी कधी आल्या, तर त्यांचे पाय जमिनीला टेकायला हवेत.